अमावास्येची पातळी

पुरस्काराचं पत्र आणि नजमाचा फोन एकाच सकाळी आले. पत्र मी नंतर उघडलं.

"मॅडम, टेप बिघडली आहे," नजमा म्हणाली. आवाज रडवेला होता.

"काय दाखवते?"

"चव्वेचाळीस मीटर खोल. मागच्या अमावास्येला तीस होती. मी तीनदा सोडली. बॅटरी बदलून पण बघितली."

"बाकीच्या बोअरना?"

"एक त्रेचाळीस, एक सेहेचाळीस. सगळ्या तशाच. माझ्याबरोबरचा सुयोग म्हणतो, तीस लिहून टाक, पुढच्या वेळी नवी टेप घेऊ."

"आणि तू काय लिहिलंस?"

ती म्हणाली, "काहीच नाही लिहिलं अजून."

"जे दिसलं ते लिही, बाळ. जे दिसायला हवं होतं ते नाही."

हे वाक्य मी बावीस वर्षं दर वर्गाला सांगत आले आहे. त्या दिवशी ते बोलताना मला माझाच आवाज थोडा परका वाटला.

आमचं कॉलेज सातपुड्याच्या पायथ्याशी. खाली तापीपर्यंत केळीचे मळे. मी भूजलशास्त्र शिकवते. जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठे साठतं, कसं चालतं, हे सगळं त्यात आलं. आमच्या कॉलेजात मोठी यंत्रं कधीच नव्हती, म्हणून मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाच यंत्र केलं. दर अमावास्येला सहा मुलं उंबरपाट गावात जातात, छत्तीस बोअरमध्ये टेप सोडतात. टेपच्या टोकाला पाणी लागलं की ती टिटवीसारखी ओरडते. आकडा वहीत, खाली मुलाची सही, त्याखाली माझी. ह्या वह्यांवर मुलांनी लहानलहान निबंध लिहिले, काही परिषदांना गेले, काही परदेशी गेले. पदवीच्या मुलांना संशोधनाची वाट दाखवणारी अध्यापिका म्हणून मला जो मान मिळणार होता, तो ह्या वह्यांचा होता.

अमावास्याच का, तर त्या दिवशी उंबरपाटात कोणी मातीला हात लावत नाही. आदल्या संध्याकाळीच मोटारी बंद होतात. मोटार चालू असली की पाणी खाली ओढलं जातं. जिना चढून आलेल्या माणसाचं ब्लडप्रेशर डॉक्टर लगेच घेत नाहीत, जरा बसा म्हणतात. तसंच आहे हे. विसावलेल्या जमिनीची पातळी खरी.

मग ह्या अमावास्येला विसावलेल्या जमिनीला झालं काय होतं?

डिगंबरभाऊ भंगाळे गावाबाहेरच्या महादेवाची पूजा करतात आणि देवळाभोवतीचा मळा पण त्यांचाच. मी दुपारी तिथे पोचले तर त्यांच्या मोटारीचा आवाज आधी आला.

"भाऊ, आज अमावास्या ना?"

"आहे नं, ताई. पण मशीननंच लावली मोटार. मी नाही लावली." ते हसले. "आता आमची अमावास्या मशीन पाळते. म्हणते, ह्या दिवशी पाणी कोणी मागत नाही, पडून राहतं, तं घ्या जास्तीचं. पहिल्या महिन्यात कोणी घेतलं नाही. ह्या महिन्यात सगळ्यांनीच घेतलं. शेजारचा घेतो तं आपण काहून सोडायचं?"

"मातीला हात लावत नाही ना तुम्ही?"

"हात कुठं लावला? घरी बसून चहा प्यायलो."

मशीन म्हणजे देवळामागे पत्र्याच्या खोलीत ठेवलेली भूजलतुला. खोऱ्याच्या जलपरिषदेनं तीन वर्षांपूर्वी अशा चाळीस खोल्या बांधल्या. आत एका निर्वात नळीत अणूंचा गार केलेला पुंजका सोडतात आणि तो किती वेगानं पडतो ते लेझरनं बघतात. खाली पाणी जास्त असेल तर जमिनीची ओढ केसाच्या हजाराव्या भागाइतकी वाढते, आणि पुंजका तेवढाच जास्त वेगानं पडतो. खणायला नको, टेप नको; जमिनीखालचं पाणी बसल्या जागी तोलता येतं. त्या वजनावरून परिषदेच्या संगणकातलं गणित रोज ठरवतं की कोणत्या मळ्याला किती पाणी. प्रत्येक मोटारीच्या स्टार्टरला त्याची मंजुरी लागते.

पण वजन म्हणजे पातळी नव्हे. वजनावरून पातळी काढायला गणिताला आधी शिकवावं लागतं, आणि शिकवायला मोजलेले आकडे लागतात. इतकी जुनी, एकही महिना न चुकलेली नोंद सगळ्या खोऱ्यात एकच होती. आमची. माझ्याच मुलांनी दोन सुट्ट्या घालवून ती परिषदेसाठी संगणकावर चढवली. रकान्याचं नाव होतं, 'पातळी'. 'विसाव्याची पातळी' असं कुठेच नव्हतं. आमच्या विभागात ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून कोणी लिहिलं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी कोणाला सांगितलेली नाही. आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी मी एक नेम धरला. देवळाच्या ओट्याला लागून एक जुनी बोअर आहे, हापसा काढून टाकलेली. रोज सकाळी आंघोळ करून कॉलेजला जाता जाता तिथे जायचं, महादेवाला बेल वाहायचा, बोअरमध्ये टेप सोडायची, आकडा एका वहीत लिहायचा आणि मगच तोंडात घास घ्यायचा. आई गेली, नेम राहिला. तिनंच सांगितलं होतं, नेमाचा बोभाटा करायचा नाही आणि नेमात काही मागायचं नाही. मी दोन्ही पाळलं. लिहिलेला आकडा मी मनात ठेवला नाही, पान उलटून कधी बघितलं नाही. देवाला वाहिलेलं फूल आपण परत केसांत माळत नाही, तसे ते आकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाहिला, टेप सोडली. सत्तेचाळीस. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मी ती वही मागे चाळली. घरी येऊन बाकीच्या एकोणीस वह्या काढल्या.

अमावास्येला तीस. दुसऱ्या दिवशी बेचाळीस. पौर्णिमेला त्रेचाळीस. पुन्हा अमावास्येला तीस. वर्षानुवर्षं. बारा-तेरा मीटरचा हा चढउतार मी रोज माझ्या हातानं लिहिला होता आणि गणिताला त्यातलं फक्त तीस माहीत होतं. एवढी केळी पिकते, एवढं पाणी उपसलं जातं, तरी पातळी तीसची हलत नाही, म्हणजे खाली अथांग साठा असणार. गणितानं असाच अर्थ लावला. ह्या वर्षी त्यानं उपसा दुप्पट केला. त्यात काही गैर नव्हतं. त्याला जे शिकवलं त्यावरून मीही तेच केलं असतं.

वह्यांमधला सर्वांत खोल आकडा होता बावन्न. अकरा वर्षांपूर्वीच्या वैशाखातला.

त्या पानात खूण ठेवली आणि सगळ्या वह्या पिशवीत भरल्या.

रितेश झांबरे माझा विद्यार्थी. सायकलला टेप बांधून गावभर फिरायचा. आता परिषदेत गणिताचा प्रमुख आहे, आणि पुरस्कारासाठी माझं नाव त्यानंच पाठवलं होतं. मी वह्यांची पिशवी घेऊन त्याच्या ऑफिसात गेले. शिपायानं चहा आणला. रितेश उठून उभा राहिला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मॅडम, भाषण तयार आहे ना?"

मी पहिली वही त्याच्यासमोर उघडली.

तो हुशार आहे. चार पानांत त्याच्या लक्षात आलं. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पण तुला ठाऊक होतं, रितेश," मी म्हणाले. "तू स्वतः अमावास्येला मोजायचास."

"हो मॅडम. पण मला वाटायचं, त्या दिवशी शेतकरी रिकामे असतात, मळ्यात येऊ देतात, म्हणून अमावास्या." तो खाली बघत होता. "कारण तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

मी आठवून बघितलं. पहिल्या दोन-तीन तुकड्यांना सांगितलं होतं. फळ्यावर जिना चढणारा माणूस काढला होता, मुलं हसली होती. पुढे वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना घेऊन जायला लागली, वही, सही, टेप, सगळं हातोहात पुढे गेलं. मी नेम दिला. कारण द्यायचं राहून गेलं.

"मशीनला खालची पातळी दिसत कशी नाही?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"बंद थर आहे, मॅडम. वरखाली चिकणमाती, मधे वाळू. सायकलची ट्यूब समजा. थोडी हवा सोडली तर ट्यूबचं वजन काही कमी होत नाही, पण ती बसते. आपली तुला वजन बघते. दाब नाही बघत."

"आणि चिकणमाती?"

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. हे त्याला मीच शिकवलं होतं. चिकणमातीनं आजवर सोसलेला सर्वांत मोठा भार तिच्या अंगात राहतो. तेवढ्यापर्यंत ती दबते आणि पाणी आलं की पुन्हा फुगते. त्यापलीकडे एकदा गेली की तिचे पापुद्रे एकमेकांवर कायमचे बसतात. त्यांतलं पाणी पिळून बाहेर येतं, एकदाच, आणि मोटारीतून जोरात येतं. लोकांना वाटतं, पाणी वाढलं. पुढे कितीही पाऊस पडला तरी ती जागा परत होत नाही.

"उंबरपाटच्या मातीनं सोसलेली हद्द बावन्नची आहे," मी म्हणाले. "आज सत्तेचाळीस आहे. वहीप्रमाणे रोज अर्धा मीटर जातंय. तुमचं गणित कुठे थांबणार?"

"साठला."

"दहा दिवस आहेत, बाळा."

त्यानं त्याच क्षणी दोन फोन केले, मग तिसरा. प्रत्येक फोनवर त्याचा आवाज आधीपेक्षा हळू होत गेला. शेवटी म्हणाला, "रोजची वाटणी गणित करतं, पण एकूण उपशाच्या मंजुऱ्या अख्ख्या पाणीवर्षाच्या असतात. मधे बदलायच्या तर हरकत मांडायची, तज्ज्ञ समिती बसते, नव्वद दिवस. माझ्या हातात बटण नाहीये, मॅडम. मुद्दामच कोणाच्या हातात ठेवलं नाही. पूर्वी पुढारी येऊन दाबायचे ना."

"हरकत मांड."

"मांडतो. पण समिती विचारेल, एकाच बोअरचे आकडे, तेही," तो अडखळला, "तेही पूजेच्या वहीतले."

रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. पानापानावर कुंकवाची बोटं उमटलेली होती.

मुलांना मी दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं सांगितलं. फळ्यावर पुन्हा जिना चढणारा माणूस काढला. कोणी हसलं नाही. नजमा म्हणाली, "मग आपण रोज मोजू. छत्तीसच्या छत्तीस." सहाऐवजी एकवीस मुलं निघाली. आम्ही समितीला रोज आकडे पाठवत होतो, आणि रोज पोच मिळत होती. फार नीट, नम्र पोच. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.

मी घरोघर गेले. माझा आवाज मुळात बारीक, कोणाच्या ओसरीवर बसून कोणाला काही सोडा म्हणणं मला कधी जमलेलं नाही. बायकांनी चहा दिला, केळी दिली. पुरुषांनी ऐकून घेतलं. एकानं विचारलं, "तुमच्याच वह्यांवर चालते नं ताई ती मशीन? मग तुमचं आधी खरं की आता?" सगळे हसले, मीही हसले.

डिगंबरभाऊ मात्र उठले.

"ताई रोज उपाशीपोटी माझ्या देवळात येते," ते म्हणाले. "बावीस वर्षांत एक दिवस तिनं काही मागितलं नाही. मी माझी बंद करतो."

आम्ही त्यांच्या मळ्यात गेलो. त्यांनी स्टार्टरचं झाकण उघडलं, मोटार बंद केली. केळीच्या पानांचा आवाज ऐकू येऊ लागला. मला फार बरं वाटलं. नजमानं घड्याळ लावलं, पाणी किती वर येतं ते बघायला टेप सोडली.

चार मिनिटं झाली असतील. बांधापलीकडे नेहेत्यांची मोटार सुरू झाली. मग त्यापलीकडे आणखी एक.

भाऊंनी फोन बघितला. "आपला हिस्सा वापरात नसल्याने शेजारील मळ्यांस वाटण्यात आला आहे," त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "आता काय करू ताई? मी बंद ठेवलं तरी पाणी तं जातंच. माझे घड तेवढे वाळतील."

मी म्हटलं, "चालू करा, भाऊ." माझ्याच तोंडानं सांगितलं.

एकोणपन्नास. साडेएकोणपन्नास. पन्नास. मी बेल वाहायचे, टेप सोडायचे, लिहायचे. मागायचं नाही हे पाळत होते, पण रोज जड जात होतं.

पुरस्काराचा समारंभ बरोबर दहाव्या दिवशी आला. सकाळी बावन्न पूर्णांक एक. शाल, श्रीफळ, मानपत्र. पाहुण्यांनी मुलांच्या हाती विज्ञान दिल्याबद्दल माझं कौतुक केलं. मी माईकपुढे उभी राहिले आणि गेल्या दहा दिवसांचे दहा आकडे वाचले. नंतर म्हटलं, आज सकाळी मातीची हद्द ओलांडली. चूक माझी आहे, मुलांची नाही. मी त्यांना काय करायचं ते दिलं, का करायचं ते दिलं नाही. अजूनही आज मोटारी थांबल्या तर बरंच वाचेल.

सभागृहात मग टाळ्या पडल्या, खूप. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "ही मॅडमची विनम्रता!" आणि पुढचं नाव पुकारलं. रितेश पहिल्या रांगेत होता. तो टाळ्या वाजवत नव्हता. शेवटच्या रांगेत नजमा उभी राहून दोन्ही हातांनी डोळे पुसत होती.

त्या आठवड्यात मोटारींना जोरात पाणी आलं. गावात पेढे वाटले. डिगंबरभाऊंनी प्रसादाचा एक माझ्या हातावर ठेवला.

समितीनं आमचं म्हणणं पूर्ण मान्य केलं. नव्वदऐवजी ऐंशीच दिवस लागले. रितेशनं गणित नव्यानं शिकवलं, रकान्याला 'विसाव्याची पातळी' असं नाव दिलं, उपसा निम्म्यावर आणला, अमावास्येची मोटार बंद केली. निकालपत्रात माझ्या नेमाच्या वह्यांचा उल्लेख 'दुर्मीळ दैनंदिन नोंद' असा आहे. पावसाळाही चांगला झाला.

आश्विनातल्या अमावास्येला मी मुलांबरोबरच गेले. सगळ्या मोटारी गप्प होत्या. नजमानं देवळाच्या बोअरमध्ये टेप सोडली. टिटवी ओरडली.

"तीस पूर्णांक दोन!" ती ओरडली. "मॅडम, तीस! परत आलं!"

मुलं नाचली. डिगंबरभाऊंनी नारळ फोडला. रितेशचा फोन आला. तो म्हणाला, आकडा बघितला. आणि मग हळूच म्हणाला, "तुलेवर मात्र वजन परत आलं नाही, मॅडम. पातळी तीच आहे, पण आता तेवढ्याच पातळीला पाणी कमी मावतंय. एक मोठी मोटार आठवडाभर चालली तरी खाली जाईल."

"किती कमी?"

"तिसरा हिस्सा गेला. कायमचा."

मी फोन ठेवला आणि ओट्यापाशी गेले. ह्या बोअरची लोखंडी नळी खोलवर दगडात टेकलेली आहे. ओटा मातीवर आहे. बावीस वर्षं नळीचं तोंड ओट्याच्या अगदी सपाटीला होतं. पूजेचं ताट त्यावर ठेवलं तर डगमगत नसे. आता नळी ओट्यातून वर आली होती. भोवतीनं सिमेंट फुटलं होतं. मी हात आडवा लावून बघितला. चार बोटं.

नळी होती तिथेच होती. ओटा, देऊळ, मळा, भाऊंचं घर, सगळं उंबरपाट चार बोटं खाली गेलं होतं आणि गावात कोणाला धक्कासुद्धा बसला नव्हता.

नजमा फोनवरचा तक्ता भरत होती. तिनं माझा हात बघितला, मग स्वतःचा हात लावून बघितला. तिची बोटं बारीक, तिची साडेचार भरली.

"मॅडम, हे कुठल्या रकान्यात लिहू?"

असा रकाना नव्हता. मी पिशवीतून माझी नेमाची वही काढून तिच्या हातात दिली. "ह्यात लिही. आणि आजपासून रोज एका मुलाला घेऊन ये. काय लिहितो आणि का लिहितो, ते त्याला ओट्यावर बसून सांगायचं. मगच टेप सोडायची."

तिनं बसून लिहिलं. अक्षर सुंदर आहे तिचं.

आता आम्ही रोज दोघंतिघं असतो. आधी नजमा कारण सांगते, मग टेप, मग आकडा. सगळे पांगले की मी नळीला हात लावते. आईनं नेमात मागायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि बावीस वर्षं मी तिचं ऐकलं. आता रोज मागते. पाचवं बोट लागू नये, एवढंच.